मुंबई–न्यूयॉर्क विमानाला नक्की किती तास लागतात?

साताऱ्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांच्या 71 वर्षांच्या आई जानेवारीत मुंबईहून न्यूयॉर्कला निघाल्यात, लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला. परत येणार जूनमध्ये. अंतर शोधलं तर एका ठिकाणी साडेबारा हजार किलोमीटर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी तेरा हजारांच्या वर. वेळ कुठे 14 तास, कुठे 16. तिकिटावर तर वेगळंच: मुंबईहून रात्री 1:30 ला निघायचं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी 7:15 ला उतरायचं. आईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं, म्हणून खरे तास कळायला हवेत, असं त्यांनी लिहिलंय.

मी 27 वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान कुठल्या वाटेने जाईल, किती इंधन घेईल, किती वाजता पोचेल, हा हिशेब मांडून कॅप्टनबरोबर त्यावर सही करायची, हे आमचं काम. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे, आणि त्यात इन्सुलिन आहे म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

आधी आकडे सांगते. सरळ अंतर सुमारे 12,530 किलोमीटर. विमान प्रत्यक्षात कापतं ते अंतर बहुधा 13,000 च्या आगेमागे. जाताना सुमारे 16 तास, येताना सुमारे साडेचौदा. तुम्हाला मिळालेले आकडे चुकीचे नव्हते. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत होता, एवढंच.

अंतराचं कोडं सोडवायचं असेल तर घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तो काढा आणि शिवणकामाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. नकाशात न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला दिसतं, त्यामुळे दोरा अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा जाईल असं वाटतं. तसा तो जात नाही. मुंबईहून निघताना त्याची दिशा पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे जास्त झुकलेली असते. कच्छवरून, पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याजवळून, अफगाणिस्तानातल्या हेरातच्या बाजूने तो कास्पियन समुद्राच्या पूर्वेला येतो आणि मॉस्को-हेलसिंकीवरून आइसलंडवर पोचतो. तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ शिवून कॅनडातल्या लॅब्रॅडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. हा दोरा म्हणजे दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा रस्ता. आमच्या भाषेत ग्रेट सर्कल.

आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारा. ती डोळ्यांना सरळ दिसते, पण त्या रेघेवरून विमान नेलं तर सुमारे 14,200 किलोमीटर पडतील, म्हणजे जवळपास 1,700 किलोमीटर जास्त. नेहमीच्या नकाशात पृथ्वीचा वरचा भाग ताणून रुंद केलेला असतो, म्हणून वरून जाणारी वाट लांबची दिसते. पहिल्यांदा हा हिशेब करून पाहिला तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. मग दोऱ्याने मोजलं.

संकेतस्थळं देतात तो आकडा या दोऱ्याचाच. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश सूत्रात घातले की तो निघतो. कुणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं, कुणी ध्रुवांकडे किंचित चपटी धरतं. कुणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कुणी धावपट्टीपासून. त्यातून पाचपन्नास किलोमीटरचा फरक पडतो, त्याकडे लक्ष देऊ नका. एकक मात्र बघा. 12,530 किलोमीटर म्हणजे साधे मैल सुमारे 7,790 आणि आम्ही वापरतो ते नॉटिकल मैल सुमारे 6,770. नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा असतो. हे तिन्ही आकडे निरनिराळ्या ठिकाणी नुसते ‘मैल’ म्हणून छापलेले मी पाहिलेत, आणि मग वाचणाऱ्याची गाडी चुकते.

आता दोरा आणि विमान यांतला फरक. आकाशात दिसत नसले तरी रस्ते असतात, नाकी असतात आणि बंद दरवाजेही असतात. दोरा पाकिस्तानवरून जातो. 24 एप्रिल 2025 पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. 2019 मध्येही फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंद होतं. पुढे रशिया. 2022 पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच रात्री मुंबईहून न्यूयॉर्ककडे दोन वेगळ्या देशांच्या कंपन्यांची विमानं निघाली तर दोघांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. विमान कुणाचं, यावर रस्ता ठरतो. किलोमीटरच्या कुठल्याही तक्त्यात हे सापडणार नाही.

पण वळसा म्हटला की लोक जेवढे घाबरतात तेवढं मुंबईच्या बाबतीत घाबरायचं कारण नाही. मुंबई ते इस्तंबूल सुमारे 4,835 किलोमीटर, इस्तंबूल ते न्यूयॉर्क सुमारे 8,030. बेरीज 12,865. मॉस्कोवरून जाणारी वाट सोडून तुर्कस्तानवरून गेलो तरी 330-340 किलोमीटरच वाढले, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. लांबच्या प्रवासात मधला भाग थोडा बाजूला सरकवला तर फार बिघडत नाही. दोऱ्याला मध्ये बोटाने जरासं ढकलून बघा, तो फार कमी लांबतो. खरी वाट यापेक्षा थोडी जास्त वाकडी असते, म्हणून मी 13,000 च्या आगेमागे म्हटलं. मुंबई समुद्रकाठी आहे हा आपला फायदा. उड्डाण केलं की विमान थेट अरबी समुद्रावर. दिल्लीचं तसं नाही. दिल्ली-न्यूयॉर्क सरळ अंतर मुंबईपेक्षा जवळजवळ आठशे किलोमीटरने कमी आहे, पण पाकिस्तान बंद असलं की विमानाला आधी उलटं नैऋत्येला, गुजरातच्या किनाऱ्याकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. हा खरा द्राविडी प्राणायाम. 2025 मध्ये उत्तर अमेरिकेच्या काही भारतीय विमानांना व्हिएन्ना आणि कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं, ते याचमुळे.

आता तास. इथे गोष्ट किलोमीटरची राहत नाही, वाऱ्याची होते.

बोइंग 777 सारखं मोठं विमान वर गेल्यावर ध्वनीच्या वेगाच्या 0.84 पट वेगाने चालतं. त्या उंचीवर हवा उणे 55 अंशांच्या घरात असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,060 किलोमीटर. म्हणजे विमानाचा वेग ताशी 890 ते 900. 12,530 ला 895 ने भागा, बरोबर 14 तास येतात. तुम्ही वाचलेले ‘14 तास’ हे असे. वारा पडलेला आहे, रस्ता दोऱ्यासारखा सरळ आहे, विमान जमिनीवरून निघतानाच 895 ने पळतंय आणि न्यूयॉर्कच्या गेटपाशीही 895 ने पोचतंय, असं सगळं धरलं तर ते खरे.

पण विमान हवेत चालतं, आणि हवा स्वतः चालत असते. खाडीतली होडी डोळ्यांसमोर आणा. नावाडी सारख्याच ताकदीने वल्हं मारतो, पण ओहोटीबरोबर निघाला तर पटकन मुखाशी येतो आणि ओहोटीच्या विरुद्ध गेला तर दमछाक होते. किनाऱ्यावरच्या माणसाला होडीचा वेग वेगवेगळा दिसतो, नावाड्याची मेहनत तेवढीच असते. विमानाचं नेमकं तसंच आहे. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडची हवा आणि विषुववृत्ताकडची हवा यांच्या तापमानातला फरक वाढतो, तशा या नद्या फुगतात. त्यांच्या मध्यावर ताशी 200-300 किलोमीटरचा वारा ही काही आश्चर्याची गोष्ट नव्हे.

अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर असतो, येताना पाठीवर. हिशेब करून बघू. जाताना 13,200 किलोमीटरची वाट आणि सरासरी ताशी 45 चा समोरचा वारा धरा. जमिनीवरचा वेग 850, उड्डाण साडेपंधरा तासांचं. येताना 13,000 किलोमीटर आणि ताशी 60 चा पाठीवरचा वारा. वेग 955, उड्डाण तेरा तास छत्तीस मिनिटांचं. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, रोजचे वेगळे असतात, पण तुमच्या तिकिटावरचा दीड-दोन तासांचा फरक कुठून येतो ते यावरून दिसेल. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून हा फरक पडतो, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. जमीन, हवा, विमान, सगळेच पृथ्वीबरोबर फिरत असतात. फरक पडतो तो वाऱ्याने.

वारा किती करू शकतो याची दोन उदाहरणं देते. फेब्रुवारी 2020 मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ होतं, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सव्वासहा तासांच्या आसपास लागतात. त्या वेळी त्याचा जमिनीवरचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. दुसरं उदाहरण आपल्याकडचं आणि मला फार आवडणारं. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे 13,900 किलोमीटरची होती ती सुमारे 15,300 ची झाली. चौदाशे किलोमीटर वाढले आणि वेळ कमी झाला, प्रवास साडेचौदा तासांवर आला, कारण पॅसिफिकवर वारा पाठीशी होता. नव्या डिस्पॅचरना शिकवताना मी सुरुवात नेहमी याच उड्डाणापासून करायचे. जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ, हे शाळेतलं गणित आधी विसरा, असं त्यांना सांगायचे.

अटलांटिकवर तर वाटाच रोज नव्याने आखतात. आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूचं शॅनविक आणि कॅनडाच्या बाजूचं गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं दिवसाचा वारा बघून समांतर मार्ग ठरवतात. युरोपकडे येणारे मार्ग वाऱ्याच्या नदीत घुसवतात, अमेरिकेकडे जाणारे तिच्यातून बाहेर काढतात. तुमच्या बहिणीने मोबाइलवर विमान बघितलं आणि काल ते आइसलंडच्या वर होतं, आज बरंच दक्षिणेला आहे असं दिसलं, तर काळजीचं काही नाही. वारा बदलला, म्हणून वाट बदलली.

प्रवाशाला हे सगळं सोळा तास बसण्यापुरतं दिसतं. आमच्या टेबलावर ते टनांत दिसायचं. बोइंग 777 तासाला साधारण 7 ते 8 टन इंधन जाळतं. न्यूयॉर्कच्या उड्डाणाला निघताना विमानाच्या एकूण वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा निव्वळ इंधनाचा असतो. आणि हे इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. शेवटच्या तासासाठी घेतलेले आठ टन आधीचे पंधरा तास उचलून न्यावे लागतात. जानेवारीतली एक रात्र मला अजून आठवते. संध्याकाळच्या हवामान नकाशावर उड्डाण 15 तास 20 मिनिटांचं दिसत होतं. दहा वाजता नवा नकाशा आला, अटलांटिकवरची वाऱ्याची नदी खाली सरकली होती, आणि वेळ 15 तास 55 मिनिटं झाली. पस्तीस मिनिटं म्हणजे साडेचार टन इंधन जास्त, वर ते वाहण्याचं वेगळं. कॅप्टनना फोन केला. त्या म्हणाल्या, “इंधन पूर्ण घेऊ, माल कमी करा.” चढवलेला माल उतरवला आणि विमान वीस मिनिटं उशिरा हललं. त्या वीस मिनिटांसाठी प्रवासी रागावले असतील. पण वाटेत कुठे इंधनासाठी उतरावं लागलं असतं तर त्यांचे दोन-तीन तास सहज गेले असते. त्या कॅप्टनचा तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

अमेरिकेची अनेक विमानं मध्यरात्री का निघतात, यालाही वजनाचा थोडा हात आहे. दुपारच्या तापलेल्या हवेपेक्षा रात्रीची थंड हवा दाट असते, पंखांना जास्त उचल मिळते, इंजिनाला जास्त जोर मिळतो. पुढे सकाळी न्यूयॉर्कला उतरून दुसरी विमानं पकडता येतात, हेही आहेच.

तिकिटावर छापलेली वेळ उड्डाणाची नसते, गेटपासून गेटपर्यंतची असते. चाकांखालचे चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे, काढले तिथून घड्याळ सुरू, तिकडे चॉक लावले की बंद. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत, आणि रात्रीच्या गर्दीत गेटपासून उड्डाणापर्यंत अर्धा तास सहज जातो. तिकडे उतरल्यावर पुन्हा दहा-पंधरा मिनिटं. शिवाय कंपनी त्या मोसमातले वारे बघून थोडं हातचं राखून वेळ छापते. म्हणून विमान अर्धा तास लवकर पोचलं तर नवल नको.

आता तिकिटावरचे ते पावणेसहा तास. सुटण्याची वेळ मुंबईची छापलेली असते, पोचण्याची न्यूयॉर्कची. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. 1:30 ते 7:15 हे पावणेसहा, त्यात साडेदहा मिळवा. 16 तास 15 मिनिटं. हे आईंच्या शरीराचे खरे तास. जूनमध्ये मात्र साडेदहा धरू नका. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करतात, ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. तेवढ्या काळात फरक साडेनऊ तासांचा असतो. परतीला समजा न्यूयॉर्कहून सकाळी 11:30 ला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी 11:45 ला पोचायचं आहे. घड्याळात सव्वाचोवीस तास दिसतात, त्यातून साडेनऊ वजा करा. 14 तास 45 मिनिटं.

एक गोष्ट मात्र अगदी कळकळीने सांगते. रात्री 1:30 चं विमान 12 तारखेचं असेल तर साताऱ्याहून 11 तारखेला दुपारी निघायचं आहे. 12 ला रात्री बॅगा घेऊन विमानतळावर आलेली कुटुंबं मी पाहिलीत, विमान आदल्या रात्रीच गेलेलं. एका आजोबांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यांची काही चूक नव्हती, मध्यरात्रीनंतरच्या तारखेने भलेभले फसतात. खंबाटकी, बोरघाट आणि मुंबईतली संध्याकाळची गर्दी धरून सहा तास ठेवा. म्हणजे 11 ला दुपारी तीनला घराबाहेर, रात्री नऊ-साडेनऊला विमानतळावर.

दुबई किंवा दोह्यावरून जाणारं स्वस्त तिकीट घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. अंतराने काही बिघडत नाही. मुंबई-दुबई आणि दुबई-न्यूयॉर्क मिळून 12,950 च्या आसपासच होतात. वाढतात ते थांब्याचे तास, आणि एकूण प्रवास वीस-बावीस तासांवर जातो. तब्येतीने खमक्या माणसाला मध्ये पाय मोकळे करायला मिळतात हा फायदा. पण एकट्या निघालेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या 71 वर्षांच्या बाईंना मध्यरात्री अनोळखी विमानतळावर गेट शोधायला लावू नये, असं माझं मत आहे. थेट विमान घ्या आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. न्यूयॉर्कला इमिग्रेशनच्या रांगेत दीड-दोन तास गेले तरी व्हीलचेअरवर बसून जातील. तिथून एडिसनला मोटारीने तास-दीड तास, सकाळच्या गर्दीत जास्तही.

सगळं मिळून साताऱ्याचं घर ते एडिसनचं घर साधारण तीस तास होतात. डॉक्टरांकडे जाताना ‘सोळा तासांचा प्रवास’ असं सांगू नका, हे तीस तास कागदावर मांडून न्या. एका रकान्यात भारताची वेळ, दुसऱ्यात न्यूयॉर्कची, तिसऱ्यात घरातून निघाल्यापासूनचे तास, आणि आई कुठल्या तासाला काय खातील ते. डोस किती आणि कधी हे डॉक्टरच त्या कागदावर लिहितील. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. सामानाच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते, शिवाय बॅग मागे राहिली तर डोस चुकेल. बरोबर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ठेवा. आणि आईंच्या मनगटावरचं घड्याळ न्यूयॉर्कला उतरेपर्यंत भारताच्या वेळेवरच राहू द्या. विमान गेटपासून हललं की त्यांनी ती वेळ कागदावर स्वतःच्या हाताने लिहावी. पुढचे तास तिथून मोजायचे.